वाळूतच तर पडले

रेनाट हेलसेनकडे हेल्मेट घ्यायला जायचं तर दुपार मोकळी ठेवून जावं, हे हाइडहूक गावात सगळ्यांना ठाऊक होतं. दुकान म्हणजे घरामागची गाडी ठेवायची खोली, तिला लागून स्वयंपाकघर. मोटोक्रॉसची, म्हणजे खडबडीत मातीतल्या मोटरसायकल शर्यतीची हेल्मेटं, पुढे लांब हनुवटी आणि कपाळावर टोपीसारखी पुढे आलेली झडप असलेली, भिंतीभर मांडलेली असत. गिऱ्हाइकानं रंग बघून एखाद्याकडे बोट केलं की रेनाट म्हणायचा, "रंगाचं मग बघू. आधी डोकं दाखव."

खुर्चीत बसवून, मागे उभा राहून, तो न्हाव्यासारखं वरून डोकं न्याहाळायचा. "तुझं डोकं आजोबांवर गेलंय. लांबट, बटाट्यासारखं. ही अख्खी रांग तुझ्या कामाची नाही." असं कोणी दुसऱ्यानं म्हटलं असतं तर भांडण झालं असतं. रेनाटचं कोणी मनावर घेत नसे. मग तो एक हेल्मेट घालायला देई, हनुवटीखालचा पट्टा दोन्ही कड्यांतून ओवून स्वतः आवळी, आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवी. अर्धा तास. कॉफी मिळे, ती हेल्मेटच्या फटीतून नळीनं ओढायची. बिस्किटही समोर ठेवलेलं असे, पण ते नंतर.

"रेनाट, बायकोला होकार देताना मी इतका वेळ घेतला नव्हता," दूधवाला थेओ एकदा आतून घुमत्या आवाजात म्हणाला.

"म्हणून तर म्हणतो, बस."

अर्ध्या तासानं तो एकच प्रश्न विचारी. कुठे दुखतंय? कपाळावर एकाच जागी दुखलं, तर आकार चुकला. गाल चेपल्यासारखे झाले, बोलताना दाताखाली येऊ लागले, तर हेल्मेट बरोबर बसलं. आणि कुठेच काही जाणवलं नाही, तर ते मोठं झालं, परत भिंतीवर.

त्याची दुसरी अट जुन्या हेल्मेटची होती. नवं हवं असेल तर जुनं इथेच ठेवायचं आणि तो ते गिऱ्हाइकासमोर करवतीनं उभं चिरणार. ह्यावर मात्र माणसं खरोखर कुरकुरत. बेल्जियमच्या ह्या केम्पेन भागात हेल्मेट थोरल्याकडून धाकट्याकडे, धाकट्याकडून मावसभावाकडे जातं. चांगली वस्तू चिरायची म्हणजे काय? "अरे, दोनदाच पडलोय. तेही वाळूत."

तेही वाळूत. हे शब्द रेनाटनं इतक्या तोंडून ऐकले होते की कोण कुठल्या सुरात म्हणेल हेही त्याला कळायचं. इथे सगळी वाळूच. बटाट्याच्या शेताखाली वाळू, पाइनच्या झाडांखाली वाळू, घरात उंबऱ्याच्या आत वाळू. दक्षिणेच्या टेकड्यांत जमीन कडक, तिथे पडणं म्हणजे पडणं. इथला माणूस उठतो, कानातली वाळू झटकतो आणि पुन्हा गाडीवर बसतो. वाळूतलं पडणं इथे कोणी पडण्यात धरतच नाही.

रेनाट करवत चालवी. चिरलेल्या हेल्मेटचे दोन भाग टेबलावर ठेवून आतला पांढरा थर्माकोल अंगठ्यानं दाखवी. "इथे बघ किती जाड आहे. आणि इथे?" बाहेरून रंगावर ओरखडाही नसे. आत मात्र एका जागी थर दाबून पावाच्या कडेसारखा चपटा झालेला असे. हेल्मेट एकदाच कामाला येतं. त्याचं काम झालं आहे हे बाहेरून दिसत नाही.

एकेचाळीस वर्षांचा होईपर्यंत रेनाटही वाळूतलं पडणं मोजत नव्हता.

आता तो एकसष्टचा होता आणि त्याचा धाकटा भाऊ सिरील चोपन्नचा. सिरील दुकानातच, खिडकीशी बसलेला असे. नव्या हेल्मेटला कापडी पिशवी चढवायची आणि दोरी ओढायची, हे त्याचं काम. ते तो नीट करी. वीस वर्षांपूर्वी, गावच्याच शर्यतीत, दिवसाच्या दोन स्वतंत्र फेऱ्यांपैकी दुसरीत, तो उंचवट्यावरून घसरला आणि मागून आलेल्याची गाडी त्याच्या डोक्यावर उतरली. चार महिने इस्पितळात होता. घरी आला तेव्हा त्याला जुनं बरंच आठवत होतं, नवं काही राहत नव्हतं. वेर्ले, त्याची मुलगी, तेव्हा सहा वर्षांची. तिच्या आईला दोघांना सांभाळणं झेपेना, तेव्हा रेनाटनं भावाला आपल्या घरी आणलं. आता वेर्लेची आईही नव्हती, तिला जाऊन तीन वर्षं झाली होती.

एक पिशवी भरून झाली की सिरील मान वर करी.

"आज रविवार का?"

"नाही. आज मंगळवार."

थोड्या वेळानं पुन्हा. "आज रविवार का?"

"नाही. आज मंगळवार."

'आत्ताच सांगितलं ना' असं रेनाट कधी म्हणत नसे. दिवसाच्या पहिल्या उत्तराचा आवाज आणि शेवटच्या उत्तराचा आवाज एकच. गिऱ्हाइकं ह्याचं कौतुक करीत आणि त्याला ते ऐकवत नसे.

कारण त्या दिवशी सिरीलच्या डोक्यावर जे हेल्मेट होतं, ते रेनाटचं होतं. पहिल्या फेरीत सिरीलच्या हेल्मेटचा पट्टा उसवला. दुसरीच्या आधी रेनाटनं स्वतःचं काढून दिलं. दोघांची एकाच रंगाची होती, कोणाला फरक कळला नाही. "चांगलं आहे ना?" सिरीलनं विचारलं होतं. गुरुवारी सरावात रेनाट पाठीवर आपटला होता, डोकं मागे आदळलं होतं. "चांगलंच आहे," तो म्हणाला. वाळूतच तर पडला होता. अपघातानंतरच्या आठवड्यात त्यानं ते हेल्मेट चिरलं, आयुष्यातलं पहिलं. त्याचा एक भाग खालच्या खणात, जुन्या फडक्यात गुंडाळलेला होता. ते त्यानं कोणालाही सांगितलं नव्हतं. दुकान त्यानंतर सुरू झालं.

ऑक्टोबरातल्या एका बुधवारी दुपारी वेर्ले आली. सव्वीस वर्षांची, रोपवाटिकेत काम करणारी, नखांत कायम काळी माती. बाहेर आभाळ भरलेलं असून तिच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता.

"काका, हेल्मेट हवंय. रविवारसाठी." तिनं आपलं जुनं हेल्मेट टेबलावर ठेवलं. "हे चिरायला घे. बघ, न सांगता आणलंय. पडलं की बदलायचं, तूच शिकवलंयस."

रेनाटला बरं वाटलं. इतक्या वर्षांत स्वतःहून आणून देणारी ही पहिलीच.

"कुठे पडलीस?"

"मागच्या वळणानंतरच्या उंचवट्यावर. तीन आठवडे झाले. काही नाही रे, वाळूतच तर पडले."

सिरीलनं पिशवीची दोरी ओढली. "आज रविवार का?"

"नाही पप्पा, बुधवार." तिनं जाता जाता बापाच्या डोक्यावर ओठ टेकवले आणि खुर्चीत येऊन बसली. "माझं डोकं बघू नकोस आता. पाठ आहे तुला."

पाठ होतं. ती बारा वर्षांची असल्यापासूनची हेल्मेटं त्यानंच दिली होती. गेली आठ वर्षं तिचा नंबर बदलला नव्हता. त्यानं पांढरं एक काढलं, आतलं अस्तर डोक्याबरोबर किंचित सरकणारं, गालाच्या गाद्या बाहेरून ओढून काढता येणाऱ्या, म्हणजे पडल्यावर मान न हलवता हेल्मेट उतरवता यावं. पट्टा आवळला. कॉफी ओतून नळी दिली.

पाच मिनिटांत ती म्हणाली, "आवळतंय. एक नंबर मोठं दे."

"कुठे दुखतंय?"

"सगळीकडे."

हे उत्तर रेनाटला आजवर कोणी दिलं नव्हतं. कपाळ, कानशील, मागचा भाग, लोक बोट ठेवून सांगत. सगळीकडे कोणाचं दुखत नाही. त्यानं एक नंबर मोठं आणलं. ते चढवताच वेर्लेनं श्वास सोडला. "हे बरोबर आहे. हेच हवं होतं."

त्यानं हेल्मेटची हनुवटी धरून डावी-उजवीकडे हलवली. हेल्मेट फिरलं, आतला चेहरा जागेवर राहिला. एवढ्याशा हलण्यानं वेर्लेच्या ओठांचा रंग गेला. तिनं टेबलाची कड धरली आणि बराच वेळ सोडली नाही.

"काका," ती थोड्या वेळानं म्हणाली, "कॉफी केलीस का?"

रिकामा कप तिच्यासमोरच होता, नळी त्यात तशीच.

रेनाटनं हेल्मेट उतरवलं आणि तो तिच्यासमोर बसला. "चष्मा काढ."

"उजेड लागतो जरा."

"किती दिवस लागतोय?"

"अरे, सकाळी थोडं दुखतं. मग जातं. कामावर जाते की मी, कुंड्या उचलते. आणि डॉक्टरांनी कागद दिलाय, चालवायला हरकत नाही म्हणून."

"डॉक्टरांना काय सांगितलंस?"

"जे सांगायचं ते."

"वेर्ले, हेल्मेट कवटी वाचवतं. आतलं हललेलं असेल तर ते पुन्हा हलू नये म्हणून जगात कोणी काही बनवलेलं नाही. मी विकत नाही, कोणीच विकत नाही. थांब. पुढच्या वर्षी..."

"पुढचं वर्ष कुठलं, काका?"

आवाजाच्या तक्रारी होत्या. शहरातून येऊन पाइनच्या बनाकडेला घरं बांधलेल्यांनी सह्या गोळा केल्या होत्या, आणि नगरपालिकेनं ठरवलं होतं की ह्या रविवारनंतर हाइडहूकच्या वाळूत शर्यत होणार नाही. सोमवारी यंत्रं येणार, उंचवटे सपाट होणार, वसंतात रोपं लागणार. ती रोपं वेर्लेच्याच वाटिकेत वाढत होती. रोज तीच त्यांना पाणी घालत होती.

"एकच शर्यत," ती म्हणाली. "घरच्या वाळूत, शेवटची. मग वर्षभर झोपून राहते. हवं तर इथे पप्पांशेजारी बसून पिशव्या भरते."

बोलून गेल्यावर तिनं बापाकडे बघितलं. सिरीलला मात्र आपलं नाव निघालं एवढं कळलं. तो हसला आणि त्यानं शेजारचं स्टूल तिच्यासाठी पुढे सरकवलं.

रेनाटनं करवत घेतली. तिचं जुनं हेल्मेट शिकंज्यात धरून चिरलं. आवाज सुरू झाला तशी वेर्ले दोन्ही तळवे कानांवर दाबून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. एरवी ती चिरताना वाकून बघायची. दोन्ही भाग टेबलावर आले. डाव्या कानशिलामागे, तळहाताएवढ्या जागेत, थर्माकोल चपटा झाला होता.

"बघितलंस?"

"बघितलं. म्हणून तर नवं घेतेय."

मग रेनाटनं वीस वर्षांत केलं नव्हतं ते केलं. खालचा खण उघडला, फडकं सोडलं आणि तो जुना अर्धा भाग तिच्या हेल्मेटशेजारी ठेवला.

"हे तुझ्या पप्पांच्या डोक्यावर होतं. पण हे माझं. मी दिलं होतं. आदल्या गुरुवारी मी ह्यात पडलो होतो, आणि तो म्हणाला चांगलं आहे ना, तर मी म्हणालो चांगलंच आहे. हे बघ इथे. मी पडलो ती ही जागा. गाडी उतरली तीही इथेच." त्यानं खिडकीकडे बघितलं नाही. "तो तसा बसलाय तो माझ्यामुळे. कोणाला माहीत नाही. तुला सांगतोय."

वेर्लेनं तो भाग उचलला, थोडा वेळ बघितला आणि फडक्यावर परत ठेवला.

"मला माहीत आहे, काका."

"काय?"

"आईनं बघितलं होतं, तू काढून देताना. मी चौदाची असताना तिनं सांगितलं. ती म्हणाली, तुझ्या काकाला कधी बोलून दाखवू नकोस, तो आधीच मेल्यासारखा जगतो." तिचा आवाज मऊ होता. "राग असता तर तुझ्याकडे आले असते का हेल्मेटं घ्यायला?"

रेनाट खुर्चीत बसला. ही एक गोष्ट त्यानं जपून ठेवली होती. कधीतरी कुणाला थांबवायचं असेल तर ती बाहेर काढायची, आणि मग ते माणूस थांबेल, असं त्याला इतकी वर्षं वाटत आलं होतं. आता ती काढून झाली होती. जिला सांगितली तिला ती बारा वर्षांपासून माहीत होती, आणि सांगून काहीही बदललं नव्हतं.

"आज रविवार का?" सिरील म्हणाला.

"नाही. आज बुधवार."

"तू नाही दिलंस तर शहरातून घेईन," वेर्ले म्हणाली. ती धमकी नव्हती, नुसतं सांगणं होतं. "तिथे अर्धा तास बसवत नाहीत."

घेईलच, हे त्याला माहीत होतं. आणि डोक्याला सुखाचं वाटेल ते घेईल. एक नंबर मोठं, फिरणारं. उंचवट्यावर ते पुढे ओघळून डोळ्यांवर येईल.

त्यानं पांढरं, आवळणारं हेल्मेट पुन्हा उचललं. "हे घालायचं. दुखलं तरी हे. दुखणं सहन झालं नाही तर उतरायचं, पट्टा सैल करायचा नाही. शब्द दे."

"दिला," ती म्हणाली, आणि सिरीलनं त्यावर पिशवी चढवून दोरी नीट ओढली.

गुरुवारी रेनाटनं लोडेला फोन केला. लोडे क्लबचा तपासनीस. शर्यतीच्या सकाळी गाड्या आणि हेल्मेटं बघून त्यांवर कागदी शिक्का चिकटवायचं काम तो तीस वर्षं करत होता.

"पोरगी बरी नाही, लोडे. तिला उतरू देऊ नकोस."

"तिनं डॉक्टरचा कागद जोडलाय, रेनाट."

"तिच्याशी दोन मिनिटं बोल फक्त. तुला कळेल."

"मी हेल्मेटं तपासतो," लोडे म्हणाला. "डोकी तपासायची असती तर आपल्यातलं कोण उतरलं असतं कधी?"

रविवारी सकाळी रेनाटनं भावाचा दाढीचा साबण पुसला, कोटाची बटणं लावून दिली.

"आज रविवार का?"

"हो," रेनाट म्हणाला. "आज रविवार."

सिरील आरशात बघत राहिला. मग त्यानं मान डोलावली, कोणीतरी अखेर खरं बोललं अशी.

रेनाट वीस वर्षांत शर्यतीच्या जागी गेला नव्हता. सगळं तसंच होतं, फक्त माणसं जास्त होती. बटाटे तळल्याचा वास, चिखलाचे बूट, दोरीला टेकलेली म्हातारी मंडळी. जो तो आपल्या ओळखीच्या वळणाशी उभा राहायला आला होता. बऱ्याच जणांनी सिरीलशी हात मिळवला. लोडेनं वेर्लेचं पांढरं हेल्मेट हातात घेतलं, आत बोटं घालून दाबलं, घालायला लावलं, मागून पुढे ढकलून बघितलं. जागचं हललं नाही. त्यानं शिक्का चिकटवला.

"असं बसलेलं हेल्मेट आज सकाळपासून बघितलं नाही," तो रेनाटकडे न बघता म्हणाला.

वेर्ले पडली नाही. पहिल्या फेरीत तिसरी आली, दुसरीत दुसरी. रेनाट मागच्या वळणाशी उभा होता. वाळूत आता खोल चर पडले होते. ती दर वेळी उंचवट्यावरून हवेत जायची आणि गाडी चरात आदळायची. रेनाट फक्त हेल्मेटकडे बघत होता. ते डोक्यापासून केसभरही सुटत नव्हतं. जे काही गाडीतून वर येत होतं, ते सगळं डोक्यात जात होतं. शेवटच्या शेवटच्या वळशांत ती वळणावर एक क्षण उशिरा वळू लागली, मग आणखी थोडा उशिरा. लोक टाळ्या वाजवत होते. सिरीलही वाजवत होता.

शर्यत संपल्यावर दोघं भाऊ गाड्या उभ्या केल्या होत्या तिकडे गेले. वेर्लेची मोटरसायकल कोणीतरी धरली होती. ती हेल्मेटसकट मधोमध उभी होती आणि इकडून तिकडे बघत होती.

"काका, आपली गाडी कुठली?"

पांढरी व्हॅन तिच्या पाठीशी, दोन पावलांवर होती. दारावर मोठ्या अक्षरांत तिचंच नाव होतं.

"ही," रेनाट म्हणाला. त्यानं तिला पायरीवर बसवलं, पट्टा सोडवला आणि दोन्ही हातांनी हेल्मेट हळूहळू वर काढलं. निघायला जोर लागला. तिच्या कपाळावर आणि दोन्ही गालांवर सारखा, लालसर वळ उमटला होता. कुठे जास्त नाही, कुठे कमी नाही. ह्याहून नीट हेल्मेट त्यानं आयुष्यात कोणाला बसवलं नव्हतं.

ती पाणी प्यायली. उजेडानं डोळे मिटले.

"शर्यत झाली का?"

"झाली."

"मी पडले?"

"नाही. दुसरी आलीस."

ती हसली. सिरील तिच्याशेजारी पायरीवर बसला आणि त्यानं तिचा मातीनं भरलेला हात आपल्या मांडीवर घेतला. पलीकडे कोणीतरी दोरखंडाचे खुंट उपटायला लागलं होतं. बरीच माणसं खिशात मूठ-मूठ वाळू भरून घेत होती.

"काका," वेर्लेनं डोळे न उघडता विचारलं, "शर्यत झाली का?"

रेनाटनं श्वास घेतला. आवाज अगदी आधीसारखाच निघाला.

"झाली."

"आज रविवार का?" सिरील म्हणाला.

"हो. आज रविवार."

थोड्या वेळानं त्यानं लोडेला हाक मारून रुग्णवाहिका मागवली. ती येईपर्यंत तो हेल्मेट हातात धरून उभा होता. सवयीनं त्यानं ते सगळीकडून फिरवून बघितलं. लोडेचा शिक्का चिकटलेला होता, रंगावर ओरखडा नव्हता. आत अंगठा घालून त्यानं थर्माकोल दाबून पाहिला, कानशिलाशी, मागे, माथ्यावर. सगळीकडे पूर्ण जाड होता. चिरून बघावं असं त्यात काहीच नव्हतं.